किंचित वळलेला दात

बारकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. एकोणिसाव्या वर्षी ती दातांच्या लॅबमध्ये कामाला लागली तेव्हा तिथे सगळ्यांत लहान तीच होती. कुणीतरी बारकी म्हटलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. आता ती तेहेतीस वर्षांची होती, तिची मुलगी तिच्या खांद्याला लागली होती, कानाजवळ दोन-चार केस पांढरे झाले होते. तरी मालकांची काचेच्या केबिनमधून हाक यायची ती "बारके!" अशीच.

लॅब म्हणजे एका दुकानावरचा लांबट हॉल. खिडक्यांच्या बाजूने आठ टेबलं, प्रत्येकावर एक छोटी ज्योत, मेण कापायची सुरी आणि प्लास्टरचे उघडे जबडे. शहरातले दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे साचे इथे पाठवायचे आणि इथून कवळ्या तयार होऊन जायच्या. शेवटचं टेबल, नळाजवळचं, बारकीचं. पहिली तीन वर्षं तिने प्लास्टर कालवलं, साचे धुतले, डबे बांधले. मग एकदा एक जुना कारागीर आजारी पडला आणि त्याची अर्धवट राहिलेली कवळी तिने पुरी केली. ती रुग्णाच्या तोंडात इतकी चपखल बसली की दंतवैद्याचा फोन आला, हे काम कोणी केलं म्हणून. मालक म्हणाले, "आमच्या लॅबने." त्यानंतर अकरा वर्षं शहरातल्या सगळ्या किचकट कवळ्या नळाजवळच्या टेबलावर यायच्या आणि आमच्या लॅबने केलेल्या म्हणून बाहेर पडायच्या.

तिला एक खोड होती. बाकीचे कारागीर तक्त्यावरचे तयार दात उचलायचे आणि कवायतीला पोरं उभी करावीत तसे मेणात ओळीने लावून मोकळे व्हायचे. बारकी आधी फोटो मागायची, तरुणपणचा आणि हसतानाचा. देवाने दिलेले दात कुणाचे इतके शिस्तीचे असतात? कुणाचा एक दात शेजाऱ्यावर रेललेला असतो, कुणाच्या मधल्या दोघांचं पटत नाही म्हणून फट असते. ती ते सगळं कवळीत आणायची, पण इतकं हलक्या हाताने, की घरच्यांना आपलं माणूस परत मिळाल्यासारखं वाटे. एका गिऱ्हाइकाच्या मुलीने तसं चिठ्ठीत लिहूनही पाठवलं होतं. मालकांनी ती चिठ्ठी फ्रेम करून केबिनमध्ये लावली. फ्रेमची काच पुसण्याचं काम अर्थात बारकीकडे होतं.

एकदाच कुणीतरी जिना चढून विचारायला आलं होतं. आठ वर्षांपूर्वी मालकांच्या आईची कवळी करायची होती. लॅबमध्ये सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. फोटोत विशीतली मुलगी सायकल धरून खदाखदा हसत होती, आणि मधल्या दातांच्या शेजारचा डावीकडचा दात केसभर आत वळलेला होता. बारकीने तो तसाच वळवला. कवळी मिळाल्यावर आठवड्याने मोठ्या बाई धापा टाकत हॉलमध्ये आल्या. "कोणी केलं रे हे?" मुलगा म्हणाला, "आमच्या लॅबने, आई." मोठ्या बाईंनी मान डोलावली, एकेका टेबलावरून चक्कर मारली, नळाजवळ येऊन थांबल्या आणि बारकीची बोटं हातात घेऊन उलटसुलट पाहिली. नखांत गुलाबी मेण होतं. त्यांनी तिच्या गालावर हलकेच चापट मारली आणि जिना उतरून गेल्या.

मालक तसे गोडबोले. आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं महिन्यातून एकदा तरी म्हणायचे, बहुतेक पगाराच्या आदल्या दिवशी. पगारवाढीचा विषय काढला की हातातलं काम ठेवून प्रेमाने ऐकून घ्यायचे. "बारके, आता काम मशीन करतं गं. माणसं काय, उद्या जाहिरात दिली तर रांग लागेल. पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष यायचं, मालक पुन्हा प्रेमाने ऐकून घ्यायचे. बारकीच्या गळ्यातल्या कार्डावर चौदा वर्षं एकच शब्द होता, हेल्पर, आणि पगारही त्याच शब्दाचा होता.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती सर्वेवाली आली. विद्यापीठाची होती, पायांत धुळीने माखलेले बूट, हातात टॅब. पगार कसे ठरतात आणि आईबापांपेक्षा मुलं किती वर चढतात, याचा अभ्यास चालला होता म्हणे. दोघी जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"तुमच्या आई काय काम करायच्या?"

"कचेरीत फरशी पुसायची. वीस वर्षं."

"कार्डावर पद काय होतं त्यांच्या?"

"हेल्पर."

"आणि तुमच्या?"

बारकीने गळ्यातलं कार्ड सरळ करून दाखवलं. सर्वेवालीने टॅबवर बोट टेकवलं आणि स्वतःशीच म्हणाली, "बदल नाही."

"काय नाही?"

"म्हणजे दोन पिढ्यांत. दोघींचं पद एकच ना, म्हणून हा रकाना."

"अहो, माझी आई फरशी पुसायची. मी कवळ्या करते! शहरातले अर्धे म्हातारे माझ्या जिवावर जेवतात!"

"मला कळतंय हो ताई. पण मला कागदावरचंच भरता येतं." बाई खरंच ओशाळली होती. "बरं, दुसरीकडे जास्त पगार मिळत असेल तर जात का नाही तुम्ही?"

बारकीने कागदाचं सांगितलं. कामाला लागताना दहा ठिकाणी सह्या घेतल्या होत्या, त्यातलाच एक. काम सोडलं तर दोन वर्षं शहरात दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये दातांचं काम करायचं नाही. सर्वेवालीने टॅब मांडीवर पालथा ठेवला. "असे कागद फक्त मोठ्या साहेबांकडूनच लिहून घेतात असं नाही बरं का. केस कापणारे, रखवालदार, दुकानात खाणं बांधून देणारी पोरं, सगळ्यांकडून घेतात. आणि जिथे असे कागद फार, तिथे सही न केलेल्यांचेही पगार हलत नाहीत, असं अभ्यासात दिसतंय. कुणी सोडून जाणारच नसेल तर मालक कशाला वाढवतील?" उठताना ती म्हणाली, "तुमचा कागद एकदा नीट वाचा तरी."

कागद वाचायचं बारकीच्या डोक्यातून गेलं, पण "बदल नाही" हे दोन शब्द कुसळासारखे रुतून बसले. घरी भाजी चिरता चिरता तिने आईला सगळं सांगितलं. गुडघे धरून बसलेली आई ऐकत राहिली आणि मग भडकली. "मी वीस वर्षं वाकून पोछा मारला तो तुला माझंच कार्ड मिळावं म्हणून का गं? परत कर ते!" नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. तो हात धूत म्हणाला, "आई बरोबर बोलतायत. आणि दोन वर्षांचं काय ते होईल तेव्हा बघू."

पुढच्या सोमवारी बारकीने काम सोडलं. कार्ड मात्र दिलं नाही, हरवलं म्हणून सांगितलं.

पुलापलीकडच्या लॅबमधल्या मॅडमनी तिला जवळजवळ दुप्पट पगार दिला आणि खिडकीजवळचं टेबल दिलं. तिथे सगळे तिला ताई म्हणायचे, पहिले दोन दिवस ती हाकेला ओच देत नव्हती. पण मॅडम सशाच्या काळजाच्या. "ताई, एकच करा. कागदोपत्री तुम्ही पॅकिंगला आहात. आणि दात तक्त्याप्रमाणे सरळ लावा. तुमचा हात कुणी ओळखला तर माझ्यावर बालंट येईल." बारकीने ऐकलं. तीन महिने तिने एकामागून एक सरळ, पांढरे, कवायतीचे दात लावले. कवळ्या जात होत्या, तक्रार एकही नव्हती, पण संध्याकाळी सुरी पुसताना तिला स्वतःचीच चीड यायची. चोरी केल्यासारखं लपायचं ते कशापायी, चांगलं काम येतं म्हणून?

अशात एक डबा आला. आत प्लास्टरचे दोन जबडे, वय एक्याऐंशी असं लिहिलेली चिठ्ठी, आणि कागदात गुंडाळलेला एक फोटो. कागदावर कापऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "फोटो बघूनच करावी." सायकल धरून हसणारी मुलगी बारकीने क्षणात ओळखली.

जुन्या लॅबमधल्या मैत्रिणीला फोन केल्यावर बाकीचं कळलं. मोठ्या बाईंची कवळी बेसिनमध्ये पडून फुटली. मुलाने नव्या मशीनवर हौसेने दुसरी करून दिली, ती मोठ्या बाई पेल्यातच ठेवायच्या. घोड्याचे दात आहेत, मी काय शर्यतीत पळणार आहे का, असं म्हणायच्या. शेवटी मुलाला न सांगता बाजारातल्या दंतवैद्याकडे गेल्या आणि त्याला बजावलं, माझ्या लेकाकडे पाठवू नका, पुलापलीकडे पाठवा. बारकी तिथे आहे हे त्यांनी या मैत्रिणीकडूनच काढून घेतलं होतं.

मॅडमना कळताच त्यांचा चेहरा उतरला. "ताई, सरळ लावा हं. ही कवळी रोज त्यांच्याच टेबलावर जेवणार आहे. त्यांच्या समोर बसून!"

बारकीने दात मेणात उभे केले. वरचे सहा सरळ लावले, लांबून पाहिले. तोंड कुणाचंही असू शकलं असतं. फोटोतली मुलगी तिच्याकडे बघून हसत होती, आणि आपण घाबरून एका म्हातारीचं हसू चोरतोय असं बारकीला वाटलं. तिने सुरी ज्योतीवर धरली, डावीकडच्या त्या दाताभोवतालचं मेण सैल केलं आणि अंगठ्याने तो केसभर आत वळवला.

कवळी गेली आणि अकराव्या दिवशी नोटीस आली. मालकांनी कामगार कार्यालयात तक्रार केली होती.

मॅडम रडकुंडीला आल्या. "तुम्ही फक्त नाही म्हणा. मी केलीच नाही म्हणा. कवळीवर काय नाव लिहिलेलं असतं का?" नोटिशीला त्या जुन्या कागदाची प्रत जोडलेली होती. चौदा वर्षांत पहिल्यांदा बारकीने तो कागद घरी बसून ओळ न ओळ वाचला, आईला ऐकू जाईल असा मोठ्याने. अटीची सुरुवातच अशी होती: "लॅबची खास कला अवगत असलेल्या कारागिराने..." बारकी थांबली. तिने ती ओळ पुन्हा वाचली.

"कारागिराने म्हणतायत," आई म्हणाली. "मग तू कोण?"

"तेच त्यांना विचारते," बारकी म्हणाली आणि कपाटातून कार्ड काढून पर्समध्ये टाकलं.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद. नवऱ्याने सवयीने दाराला कान लावला. "मोटर ठणठणीत आहे, कुणाला पडलेली नाही," म्हणाला आणि जिना चढू लागला. वर अधिकारी टेबलामागे बसले होते, गळ्यात चष्म्याची दोरी, सगळं स्वतःच्या हाताने लिहिणारे. बाकाच्या टोकाला मॅडम अंग चोरून बसल्या होत्या. मालक फाइल घेऊन आले आणि त्यांच्यामागून, काठी टेकत, मोठ्या बाई.

"अगं, तू इथे?" बारकीला बघून त्या खुलल्या. "मला हा म्हणाला दात तपासायला जायचंय. तुझेही तपासायचेत की काय?"

मालकांनी घसा खाकरून तक्रार सांगितली. ही बाई चौदा वर्षं आमच्याकडे होती, सही आहे, अट आहे, तरी पुलापलीकडे कवळ्या करते आहे.

"आमच्याकडे त्या पॅकिंगला आहेत हो," मॅडम घाईघाईने म्हणाल्या.

"पुरावा?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मालक जरा अडखळले. "पुरावा आईच्या तोंडात आहे."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. मोठ्या बाईंना आता सगळं उमगलं. मुलाकडे त्यांनी असं पाहिलं की तो पन्नाशीचा माणूस दोन पावलं मागे सरला. "काढून देते," त्या म्हणाल्या. "पण परत द्यायची. माझी जेवायची वेळ झालीय." रुमालात कवळी टेबलावर आली.

"कशावरून ही यांनीच केली म्हणता?"

"अहो, बघा ना!" मालकांनी पेनाचं टोक त्या दाताजवळ नेलं. "हा दात. किती वळलाय? केसभर. जरा जास्त असता तर वेडावाकडा दिसला असता, जरा कमी असता तर कळलाच नसता. हिरडीची ही उतरण बघा, अशी मशीनला जमत नाही. तीस वर्षं या धंद्यात आहे मी. माझ्याकडचे सात जण एकत्र बसवले तरी त्यांना हे साधायचं नाही. या शहरात असा हात एकच आहे साहेब, आणि तो हिचा आहे."

बोलता बोलता त्यांचा आवाज मऊ झाला होता. हे वाक्य ऐकण्यासाठी बारकीने चौदा वर्षं कान टवकारले होते, आणि ते आलं ते तिला बांधून घालायला आलं. ते ऐकून बरं वाटलं याचाच तिला संताप आला.

"बाई, ही कवळी तुम्ही केली?"

बाकाच्या टोकावरून मॅडम मान हलवत होत्या, नाही म्हणा, नाही म्हणा.

"हो. मीच केली," बारकी म्हणाली. "साहेब, हे आत्ता जे बोलले ते लिहिलंत?"

"लिहिलं."

"मग त्याखाली त्यांची सही घ्या."

"देतो की!" मालकांनी पेनाचं टोपण काढलं.

"द्या. फक्त त्याआधी हे बघा." बारकीने कार्ड कवळीशेजारी ठेवलं. "तुमच्या कागदात लिहिलंय, खास कला अवगत असलेल्या कारागिराने. आणि या कार्डावर लिहिलंय हेल्पर. आता एक काय ते ठरवा मालक. मी हेल्पर असेन तर ही अट मला लागू नाही, मी तुमच्या दारासमोर टेबल टाकून कवळ्या करीन. कारागीर असेन तर करा सही आणि अकरा वर्षांचा कारागिराचा पगार काढा. पगार द्यायला हेल्पर आणि अडकवायला कारागीर, असं दोन्हीकडून कसं चालेल?"

मालकांचं पेन कागदावर टेकायच्या आत थांबलं. "बारके, असं काय करतेस? आपण घरातली माणसं."

"घरातली? चौदा वर्षांत मला एकदा तरी घरी जेवायला बोलावलंत? माझं काम मात्र तुमच्या टेबलावर रोज जेवतं!"

मालकांनी टोपण लावलं. फाइल मिटली. "साहेब, मी तक्रार मागे घेतो."

अधिकाऱ्यांनी पानावर आडवी रेघ मारली. "चला, मिटलं. या तुम्ही सगळे." मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला, नवऱ्याने पर्स उचलून बारकीच्या हातात दिली. ती जागची हलली नाही.

"त्यांचं मिटलं, माझं राहिलंय. मला कोरा अर्ज द्या, अकरा वर्षांच्या पगाराचा."

अधिकाऱ्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, खण उघडला, अर्ज काढला. "पद?"

"कवळी कारागीर."

"बाई, कार्डावर हेल्पर आहे. त्यांनी जे सांगितलं त्यावर सही नाही, तक्रारच मागे घेतली, म्हणजे ते बाद. तुम्ही हे काम तिथे करत होतात, हे सांगणारं कुणी आहे का? जुन्या लॅबमधलं?"

बारकीच्या डोळ्यांपुढून सातही टेबलं सरकली. सगळ्यांच्या सह्या त्याच कागदावर होत्या, सगळ्यांची पोरं शाळेत होती. त्यांना इथे ओढायला तिचं मन होईना. "पद तेच लिहा," ती म्हणाली. "साक्षीदार नसला तरी लिहा. मी खोटं सांगत नाही."

"आई, चल," मालक दारातून म्हणाले. "उशीर होतोय."

मोठ्या बाईंनी टेबलावरचा रुमाल ओढून घेतला. पाठ फिरवून कवळी तोंडात बसवली, दोनदा चावून पाहिली. मग काठी टेकत आल्या आणि बारकीशेजारच्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या.

"तू हो पुढे," त्या मुलाला म्हणाल्या. "आठ वर्षांपूर्वी मी तुझा जिना चढून विचारलं होतं, तेव्हा खरं सांगितलं असतंस तर आज मला सांगावं लागलं नसतं." त्यांनी बारकीचा हात उचलून टेबलावर ठेवला, बोटं अधिकाऱ्यांच्या बाजूला करून.

"हं साहेब," त्या म्हणाल्या, "विचारा."